काडतुसाची टोपी

रायफलचा चाप ओढला कीं गोळी सुटते, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु चाप आणि गोळी यांच्यामध्यें जी एक लहानशी टोपी असते, तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. काडतुसाच्या बुडाशीं, बरोबर मध्यभागीं दिसणारी वाटोळी धातूची टिकली ती हीच. इंग्रजींत तिला प्रायमर म्हणतात. काडतुसांतील दारूला विस्तव देण्याचें काम तिचें.

पूर्वीं हें काम रंजक करीत असे. चकमकीची ठिणगी रंजकावर पडे, तिचा भडका होई आणि मग नळींतील दारू पेटे. पावसांत रंजक भिजे, आणि भडका दिसतांच पक्षी उडून जात. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉरसाइथ यांना शिकारीचा नाद होता. त्यांनीं आघातानेंच पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करून १८०७ सालीं त्या युक्तीचें पेटंट घेतलें. तिच्यांतूनच पुढें तांब्याची टोपी निघाली, आणि कालांतरानें ती काडतुसाच्या बुडांत जाऊन बसली. १८६६ सालीं अमेरिकेंत बर्डन यांनीं आणि इंग्लंडांत बॉक्सर यांनीं तिचे दोन निरनिराळे प्रकार सिद्ध केले. गंमत अशी कीं, आज अमेरिकेंत इंग्रज बॉक्सर यांचीच टोपी रूढ आहे.

बॉक्सर टोपीचे भाग तीन : धातूची वाटी, तिच्या तळाशीं स्फोटक रसायनाचा थर, आणि त्यावर टेकलेली बारीक पायांची ऐरण. रायफलची सुई वाटीवर आदळते. वाटी आंत दबते. रसायन वाटी व ऐरण यांच्यामध्यें चिरडून पेटतें, आणि ज्वाला छिद्रांतून दारूपर्यंत पोंचते. लोहाराची ऐरण डळमळत असेल तर घणाचा घाव जसा फुकट जातो, तसेंच येथेंही होतें. टोपीची ऐरण पक्क्या आधारावर टेकलेली असलीच पाहिजे.

अमेरिकेंत अनेक नेमबाज व शिकारी उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या फेंकून न देतां घरींच पुन्हां भरतात. जुनी टोपी काढणें, पुंगळी मूळ मापावर आणणें, नवी टोपी बसविणें, दारू मोजून घालणें आणि शेवटीं गोळी दाबणें, असा हा क्रम आहे. त्यांत टोपी बसविण्याचें काम दिसण्यांत सोपें, पण जोखमीचें. टोपी खोबणींत इतकी खोल जावी कीं ऐरणीचे पाय तळाला टेकतील आणि रसायनावर किंचित् दाब येईल. अशी बसलेली टोपी पुंगळीच्या बुडाच्या पातळीहून इंचाचा दोन ते पांच हजारांश भाग खालीं राहते. हें अंतर माणसाच्या केसाच्या जाडीएवढेंच आहे.

टोपी वर राहिली तर दोन अनर्थ संभवतात. पहिला असा कीं, सुईचा आघात टोपीला खोल ढकलण्यांतच खर्ची पडतो आणि काडतूस उडत नाहीं. दुसरा याहून भयंकर. १९३६ सालीं अमेरिकन सैन्यानें स्वीकारलेल्या गॅरंड रायफलसारख्या आपोआप भरणाऱ्या रायफलींत सुई मोकळी असते. बोल्ट मिटतांना ती टोपीला हलकेंच स्पर्श करते. टोपी वर आलेली असेल तर चापाला बोट न लागतांच बार उडूं शकतो. बोल्टला पुरती कडी बसलेली नसेल तर पुंगळी फुटून तप्त वायु थेट नेमबाजाच्या तोंडावर येतो. उलट टोपी बळानें चेपली तर रसायनाचा थर भंगतो, किंवा टोपी जागच्या जागींच उडते.

म्हणून जाणते लोक प्रथम खोबणींतील काजळी खरडून काढतात. सैनिकी पुंगळ्यांत टोपीभोंवतीं धातूची कड दाबलेली असते. ती काढली नाहीं तर नवी टोपी तिरपी शिरते. मोठ्या पिस्तुलाची व मोठ्या रायफलची टोपी व्यासानें सारखीच, सुमारें ०.२१० इंच, परंतु रायफलची टोपी उंच असते, म्हणून त्यांची अदलाबदल करूं नये. दाब सावकाश द्यावा; टोपी तळाला टेकल्याचें हाताला कळतें. मग बुडावरून बोट फिरवावें, किंवा पुंगळी सपाट कांचेवर उभी करावी. ती डुगडुगली तर टोपी वर आहे असें समजावें. रिकाम्या पुंगळींतील टोपी पुन्हां हळूच दाबतां येते. भरलेल्या काडतुसाची मात्र कदापि दाबूं नये. असें काडतूस भरणाऱ्या माणसानें तें बाजूला काढून रीतसर सोडवावें. टोप्या मूळच्या खोक्यांतच ठेवाव्या, बरणींत ओतूं नयेत. एक पेटली तर सर्व पेटतात. तेलाचा हात लावूं नये, आणि डोळ्यांवर चष्मा असावाच.

भारतांत हा छंद मोकळा नाहीं. परवान्यावांचून काडतुसें तयार करणें हा १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. पुण्याजवळ खडकी येथें १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला. अशा कारखान्यांत जी तपासणी यंत्रें व निरीक्षक करतात, ती घरीं काडतूस भरणाऱ्याला एकट्याच्या बोटानें करावी लागते. त्या बोटाला केसभर उंचवटा लागला कीं तेथेंच थांबावें.