नाकातला कूलर

उन्हाळ्यात आपल्या अंगाला घामाच्या धारा लागतात, सदरा पाठीला चिकटतो आणि जीव नकोसा होतो. पण तो घामच आपल्याला वाचवत असतो. कुत्र्याला ही सोय जवळजवळ नाहीच. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि एवढ्याशा ओलाव्याने सगळे अंग थंड होत नाही. त्याची सारी भिस्त नाक, तोंड आणि जीभ यांवर असते. उन्हाळ्यात कुत्र्याला धोका कधी, कुठे आणि कशामुळे होतो, हे समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताची भीती निर्माण होते. म्हणजे हाताशी असलेली सवलत जेमतेम दोन अंशांची. ती टिकवण्यासाठी कुत्रा धापा टाकतो. एरवी मिनिटाला पंधरा ते तीस वेळा होणारा श्वासोच्छ्वास तेव्हा तीनशेच्याही पुढे जातो.

ही हवा जाते कुठून आणि येते कुठून, याचे मोजमाप अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले. धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. त्याच्या लांब नाकात गुंडाळीसारख्या पातळ हाडांवर ओलसर अस्तर असते. त्यावरून हवा वाहते तेव्हा पाण्याची वाफ होते आणि ती वाफ रक्तातली उष्णता शोषून घेते. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एका अंशाने तापेल. हीच हवा नाकावाटे परतली असती, तर थंड झालेल्या अस्तरावर बरीचशी वाफ पुन्हा पाणी झाली असती आणि उष्णता शरीरातच राहिली असती. तोंडावाटे गेल्यामुळे ती कायमची बाहेर पडते.

विदर्भातल्या घराघरांत हेच तत्त्व कूलरच्या रूपाने घरघरत असते. ताट्या ओल्या हव्यात, बाहेरची हवा कोरडी हवी आणि वारा खेळता हवा, तरच कूलर गारवा देतो. कुत्र्याच्या नाकालाही याच तीन अटी लागू पडतात.

नागपूरचे ऊन, मुंबईचा घामट उकाडा

नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा कुत्र्याच्या अंगापेक्षाही गरम असते. अंगातली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतली अंगात शिरते. उरतो एकच मार्ग, वाफेचा. हवा कोरडी असल्याने तो चालतो, पण पाणी भराभर संपते. दुपारी वाडगे रिकामे राहिले की शरीराचा तोल ढळतो.

मुंबई-रत्नागिरीत पारा ३४-३५ अंशांवरच असतो आणि आपण निर्धास्त राहतो. पण हवाच आधीच ओलाव्याने भरलेली असेल, तर कुत्र्याने कितीही धापा टाकल्या तरी वाफ पुरेशी होत नाही. किनारपट्टीवर पारा पाहून कुत्र्याला फिरायला नेणे म्हणूनच फसवे ठरते. दमटपणाही पाहावा लागतो.

नाक आखूड, धोका मोठा

पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू या जातींमध्ये माणसाने नाकाची लांबी पिढ्यान्‌पिढ्या घटवली आणि त्याबरोबर थंड होण्याची जागाही. श्वासाची वाट अरुंद, त्यामुळे धापा टाकण्याचेच श्रम वाढतात आणि त्या श्रमातून आणखी उष्णता तयार होते. ब्रिटनमधील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या पशुवैद्यकीय नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लॅब्राडॉरच्या तुलनेत उष्माघाताचा संभव बुलडॉगमध्ये सुमारे १४ पट, तर फ्रेंच बुलडॉगमध्ये सहापटींहून जास्त दिसला. आपल्या दख्खनचा कारवान कुत्रा पाहा: लांब नाक, सडपातळ अंग, आखूड केस. या मुलखात वाढलेल्या कुत्र्याची ठेवण उन्हाशी जमवून घेणारी आहे. तरी भर दुपारी पळवले तर तोही कोसळू शकतो.

कारण त्याच संशोधकांना दिसलेली आणखी एक गोष्ट. उष्माघाताच्या सुमारे तीन-चतुर्थांश घटना श्रमांमुळे झाल्या होत्या. बंद गाडीतल्या घटना पाच टक्क्यांच्या आसपास होत्या. गाडीत कुत्र्याला ठेवू नयेच, खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. पण चेंडूमागे पुन्हा पुन्हा धावणारा कुत्रा आपण होऊन थांबेलच असे नाही. खेळ आपणच थांबवायला हवा. फिरणे पहाटे उरकावे; संध्याकाळी डांबर बराच वेळ तापलेले राहते. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला चटका बसला, तर त्याच्या पंजांनाही बसणार.

घरात पंखा लावून दिला की झाले, असे वाटते. पण पंखा आपल्याला गार करतो तो घाम उडवून. कोरड्या केसांच्या कुत्र्याला त्याचा उपयोग फार थोडा. आधी अंग ओले करा, मग पंखा लावा. दाट दुहेरी केस असलेल्या कुत्र्याचे मुंडण करू नका. वरचे केस उन्हाला आडवे येतात. आतली सुटी लव रोज विंचरून काढावी.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना तर हे निवडताही येत नाही. ती ओलसर माती उकरून त्यात पोट टेकतात, उभ्या गाडीखाली शिरतात. गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे. पाण्याचे पसरट भांडे सावलीत ठेवावे, रोज घासून भरावे. सोसायटीच्या जिन्याखाली दुपारपुरता टेकलेल्या कुत्र्याला हाकलू नये.

आधी पाणी, मग दवाखाना

धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक किंवा फिकट, लाळ चिकट, झोकांड्या, उलटी, झटका: यातले काही दिसले तर क्षणही दवडू नका. शरीर तापत राहिले की आतड्याचे अस्तर फाटते, जंतूंचे विष रक्तात शिरते, रक्त गोठण्याची घडी विस्कटते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. तापमान जितका वेळ चढे, तितकी हानी वाढते.

त्याला सावलीत आणून सगळ्या अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघांत, पाणी ओता आणि वारा घाला. तरुण, धडधाकट कुत्र्याला थंड पाण्यात बसवले तरी चालते. डोके तेवढे वर धरा. म्हातारा किंवा आजारी असेल तर साधे पाणी आणि पंखा बरा. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी कढत असते, म्हणून सकाळीच बादली भरून ठेवावी. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. तो तापतो आणि वाफ कोंडतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. हा ताप नव्हे, आणि ते औषध कुत्र्याला विषारी ठरू शकते.

मग खिडक्या उघड्या ठेवून किंवा एसी लावून दवाखाना गाठा. कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी गाठा, कारण मूत्रपिंड आणि यकृताची हानी पुढच्या काही दिवसांत उघड होऊ शकते. पण वाटेतली वीस मिनिटे तापलेल्या शरीराला परवडत नाहीत. हाताशी बादलीभर पाणी असताना ती वेळ गाडी काढण्यात जाऊ नये, एवढे प्रत्येक घराने आजच ठरवून टाकावे.