सातबारावरील नाव येते कोठून?

सातबारा उताऱ्यात एखाद्या वारसाचे नाव गळालेले आढळले, की दोष संगणकास दिला जातो. वस्तुतः उतारा स्वतः काहीच ठरवीत नाही. इतर नोंदवह्यांतील मजकूर तो एकत्र दाखवितो. क्षेत्र व आकारणी आकारबंदातून येते. पिकांची नोंद गाव नमुना बारामधील असून २०२१ पासून ती खातेदारही ई-पीक पाहणीद्वारे करू शकतो. वाद होतात ते बहुधा नावांवरून.

हस्तलिखित उताऱ्यात नावाजवळ वर्तुळात आणि संगणकीय उताऱ्यात ‘फे. फा.’ या रकान्यात एक क्रमांक असतो. तो सहसा कोणी वाचीत नाही. शोध मात्र तेथूनच सुरू होतो. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, पाहिली की नाव खरेदीने लागले, वारसाने की वाटपाने, हे कळते. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली किंवा नाही, हेही दिसते.

विधवेचे वा मुलीचे नाव फेरफारात असून उताऱ्यात नसेल, तर ती केवळ लेखनातील चूक होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. प्रमाणित फेरफारातच नाव नसेल, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते. त्याची मुदत ६० दिवसांची असून, पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो.