पाहुण्यांच्या हाती किल्ली देण्यापूर्वी

उन्हाळा आला की आपल्या घरांत पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. लोणच्याच्या बरण्या कस्टममधून सुखरूप सुटल्या, की चार दिवसांत प्रश्न येतोच, "जरा गाडी चालवून बघू का?" आमचे साडू पुण्याहून आले तेव्हा आम्हीही मोठ्या मनाने किल्ली दिली. खंडाळ्याचा घाट वीस वर्षे चढउतार केलेल्या माणसाला अमेरिकेतले सरळसोट रस्ते म्हणजे काय विशेष!

गाडी उजवीकडून चालवायची, पट्टा बांधायचा, पाट्यांवरचे आकडे मैलांचे, तेव्हा ५५ म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, एवढे आम्ही सांगितले होते. मागे पोलिसांचे लाल-निळे दिवे लागले तर काय करायचे, ते मात्र राहून गेले. आणि नेमके तेच लागले! साडूंनी गाडी कडेला घेतली, दार उघडले आणि हसतमुखाने पोलिसाकडे चालू लागले. आपल्याकडे साहेबांशी बोलायला खाली उतरणे ही रीत. बसून राहिलो तर मग्रुरी. इकडे अर्थ उलटा लागतो. "गाडीत बसा!" अशी आरोळी आली आणि पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. शेजारच्या सीटवर आमची बोबडी वळली. साडू परत बसले, प्रकरण ताकिदीवर मिटले, पण त्या रात्री कोणाला जेवण गेले नाही. चूक त्यांची नव्हती, आमची होती.

तेव्हापासून आमच्याकडे किल्लीआधी अर्ध्या तासाची शिकवणी असते. पहिला धडा अर्थात हाच. गाडी उजव्या कडेला घ्या, काच खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, दोन्ही हात चाकावर ठेवा आणि स्वस्थ बसा. कागद मागितले की आधी ते कुठे आहेत हे सांगा, मगच हात हलवा. 'मिटवून टाकण्यासाठी' पैसे पुढे करणे हा इथे वेगळा आणि मोठा गुन्हा आहे, हेही हसत हसत सांगून ठेवतो.

दुसरा धडा स्टॉपच्या पाटीचा. रस्ता रिकामा असो, रात्रीचे दोन वाजलेले असोत, चाके पूर्ण थांबली पाहिजेत. चारी बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जातो. दोघे एकदम आले तर उजवीकडच्याला मान. लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येते, मात्र मनाईची पाटी नसेल तर. न्यूयॉर्क शहरात नियमच उलटा: परवानगीची पाटी असेल तरच वळायचे.

तिसरा धडा पिवळ्या स्कूलबसचा. तिचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागच्यांनी थांबायचे आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही. न्यूयॉर्क राज्यात दुभाजक असला तरी सुटका नाही. मुले बसपुढून धावत रस्ता ओलांडतात. इथे घाई कामाची नाही.

शेवटचा धडा खुणांचा. आपल्याकडे समोरच्याने दिवे उघडझाप केले तर "मी येतोय, बाजूला व्हा." इथे चौकात तीच खूण बहुधा "तुम्ही आधी जा" म्हणून केली जाते. दोघांनी आपापला अर्थ घेतला तर गाठ मधोमधच पडायची! म्हणून पाहुण्यांनी ही खूण करूच नये. आपल्याकडे हॉर्न म्हणजे नुसती वर्दी, इथे तो शिवीसारखा लागतो.

आता कागदपत्रे. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. काही राज्ये भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो आर.टी.ओ.कडून मिळतो आणि वर्षभर चालतो. निघण्यापूर्वीच काढून आणायला सांगा. आपल्या विमा कंपनीला फोन करून पाहुण्यांना संरक्षण आहे ना, हेही विचारा.

आपली माणसे गाडी वाईट चालवत नाहीत. तिकडे रस्त्यावर नजरेने, हाताने, हॉर्नने वाटाघाट चालते. इकडे समोरचा नियम पाळणारच, असे धरून प्रत्येकजण बेधडक पुढे येतो. हा भरवसा पाहुण्यांना दिसत नाही, तो आपणच सांगायचा असतो. यंदा साडू पुन्हा येताहेत. शिकवणीची उजळणी त्यांनी फोनवरच करून घेतली. पोलिसांचा धडा तर आम्हालाच म्हणून दाखवला!