देवळा गाव की शहर? आरोग्याच्या हिशेबात उत्तर वेगळं आहे

आमच्या देवळ्याला कोणी गाव म्हणतं, कोणी शहर. 1999 साली देवळा स्वतंत्र तालुका झाला, पुढे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. त्यामुळे बऱ्याच लोकांचा समज असा की आता आपण शहरवाले झालो आणि ग्रामीण आरोग्याच्या योजना आपल्यासाठी राहिल्या नाहीत. हा समज चुकीचा आहे. त्यापायी कुणी हक्काच्या सोयीला मुकू नये, म्हणून हा विषय आज सविस्तर घेत आहोत.

मुळात ‘ग्रामीण’ म्हणजे काय, याची सरकारकडे एकच व्याख्या नाही. जनगणना आधी शहर कशाला म्हणायचं ते ठरवते. जिथे महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा कटक मंडळ आहे ते शहर. तसं नसेल तर तीन अटी आहेत : किमान 5,000 लोकसंख्या, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि एका चौरस किलोमीटरमध्ये किमान 400 माणसं. या तिन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. जे यात बसत नाही ते सगळं ग्रामीण. रिझर्व्ह बँकेचा हिशेब निराळा. तिच्या लेखी 10,000 पेक्षा कमी वस्ती ग्रामीण आणि त्यापुढे एक लाखापर्यंत निमशहरी.

म्हणजे नगरपंचायतीमुळे देवळा जनगणनेच्या वहीत शहर. उमराणे मात्र कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ असूनही तिथला कारभार ग्रामपंचायतीचा. घरकुलासाठी अर्ज करताना हा फरक कामाला येतो, कारण प्रधानमंत्री आवास योजनेचे ग्रामीण आणि शहरी असे दोन वेगळे भाग आहेत.

आरोग्याची वही मात्र तिसरीच. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 12 एप्रिल 2005 रोजी सुरू झालं, शहरी अभियान 2013 मध्ये आलं. शहरी अभियान साधारणपणे 50,000 पेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. त्याहून लहान गावं-शहरं ग्रामीण अभियानाखालीच ठेवली गेली. म्हणून नगरपंचायतीची पाटी लागली तरी देवळ्याचा दवाखाना ‘ग्रामीण रुग्णालय’ आहे, आणि यात कमीपणा काही नाही.

ग्रामीण भागाचं माप असं आहे : सपाट प्रदेशात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 मागे 30 खाटांचं एक ग्रामीण रुग्णालय. डोंगराळ आणि आदिवासी भागात, म्हणजे सुरगाण्यासारख्या ठिकाणी, हेच माप 3,000, 20,000 आणि 80,000 असं आहे. गावात साधारण हजार लोकांमागे एक आशाताई.

या मापात एक गोष्ट मात्र नीट पकडली जात नाही, ती म्हणजे अंतर. आपल्याकडे निम्मा गाव मळ्यात राहतो. कागदावर दवाखाना जवळ असतो, पण रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की शेतातला चिखलाचा रस्ता हाच खरा प्रश्न असतो. 28 जानेवारी 2020 रोजी मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षा विहिरीत कोसळून वीसहून अधिक माणसं दगावली. अशा वेळी लोकसंख्येचं कोष्टक नाही, मदत किती मिनिटांत पोहोचते ते मोलाचं ठरतं.

आपल्या समाजाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. महाराष्ट्रातले बहुसंख्य मुस्लीम शहरांत राहतात. त्यामुळे चर्चा मालेगाव-भिवंडीची होते आणि खेड्यातली आपली पाच-पंचवीस घरं हिशेबातच येत नाहीत. लहानसहान आजारालाही ही कुटुंबं थेट मालेगाव गाठतात आणि मजुरीचे पैसे गाडीभाड्यात घालवतात. जवळ काय मिळतं हे माहीत असेल तर हा खर्च वाचतो.

मग माहिती शोधायची कुठं? जनगणनेची ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’ पाहावी. त्यात प्रत्येक गावाची लोकसंख्या आणि दवाखाना गावात आहे की किती अंतरावर, हे दिलेलं असतं. केंद्राचा आरोग्य विभाग आरोग्य केंद्रांची आकडेवारी काढतो, त्यात केंद्रं आणि रिक्त पदं कळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत नाशिक जिल्ह्याचं पत्रक आहे. ते जिल्ह्यापर्यंतच थांबतं. तालुक्याची माहिती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागावी.

तक्रार कुठं करायची तेही लक्षात ठेवा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येतं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो. अपघातात किंवा अचानक तब्येत बिघडल्यास 108, गरोदर माता व बाळासाठी 102, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 104. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.

आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. 2011 नंतर मळ्यांवर कितीतरी घरं वाढली. जे घर नोंदलं जाणार नाही, ते उपकेंद्राच्या 5,000 मध्येही धरलं जाणार नाही. म्हणून प्रगणक आले की घरातल्या प्रत्येकाचं नाव सांगा, मळ्यातल्या भावालाही सांगायला लावा. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत आणि गावच्या ग्रामसभेत, दोन्हीकडे ही गोष्ट पोहोचवू या. पुढचा दवाखाना याच मोजणीवर ठरणार आहे.