परदेशस्थ विद्यार्थी आणि परकी भूमी : लेखांक सहावा – खरेदीखत नसलेली जमीन

कॅनडातील निवासी शाळांचा वृत्तांत मागील लेखांकात आला. ज्या भूमीवरून मूलनिवाशांची मुले त्या शाळांत उचलून नेली, तिचे पुढे काय झाले आणि आज उच्च शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या आपल्याकडील तरुणाचा तिच्याशी कोणता संबंध जडतो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. तो सर्वसाधारण रीतीने मांडला तर हवेत विरून जाईल, म्हणून एकच स्थळ घेऊ.

व्हँकुव्हर शहराच्या पश्चिम टोकाला पॉइंट ग्रे नावाचे भूशिर आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ १९२५ साली तेथे वसले, आणि जगभरातले विद्यार्थी आज तेथे शिकतात. हे भूशिर मस्क्विअम या मूलनिवासी लोकांचे. त्यांची आजची वस्ती विद्यापीठाच्या दक्षिणेस, फ्रेझर नदीच्या मुखापाशी आहे, आणि त्या किनाऱ्यावरचा त्यांचा वहिवाटीचा काळ हजारो वर्षांत मोजावा लागतो. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने १७६३ साली काढलेल्या राजघोषणेत असा दंडक घातला होता की, मूलनिवाशांची जमीन कोणाही खासगी इसमाने विकत घेऊ नये; ती घ्यावयाची झाल्यास राजसत्तेनेच त्यांची जाहीर सभा भरवून, त्यांच्या संमतीने घ्यावी. देशाच्या इतर भागांत या दंडकाला अनुसरून तहनामे झाले. त्यांत दगाफटका नव्हता असे नव्हे, परंतु निदान कागद झाला. ब्रिटिश कोलंबियात मात्र, व्हँकुव्हर बेटावर १८५० ते १८५४ या काळात जेम्स डग्लसने केलेले १४ करार आणि ईशान्य कोपऱ्यातला १८९९चा तह वगळला, तर विसावे शतक सरत येईपर्यंत कागदच नाही. मस्क्विअमांची भूमी कोणी लढून जिंकली नाही, मोबदला देऊन घेतली नाही, की तहनाम्याने सोडवून घेतली नाही; मोजणीदार आले, नकाशे निघाले, भूखंड पडले, आणि मूळ धन्यांच्या वाट्याला नदीकाठचा एक लहान तुकडा ‘राखीव’ म्हणून उरला.

या अपहाराला कायद्याने कसे कुंपण घातले, तेही पाहण्यासारखे आहे. कॅनडाच्या १८७६च्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये अशी तरतूद होती की, मूलनिवाशाने विद्यापीठाची पदवी मिळविली तर त्याचा मूलनिवासी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा आपोआप संपुष्टात यावा. ही सक्ती काही वर्षांनी सौम्य झाली, तरी तिच्यामागची बुद्धी लपत नाही. ज्या पदवीसाठी आपल्याकडचा बाप जमीन गहाण टाकतो आणि जिच्यामुळे मुलाची गावात प्रतिष्ठा वाढते, तीच पदवी त्या भूमीच्या पुत्राला त्याच्या समाजातून बाद करण्याचे साधन व्हावी, ही गोष्ट प्रत्येक परदेशस्थ विद्यार्थ्याने मनाशी नीट धरून ठेवावी असे मला वाटते. पुढे १९२७ साली जमिनीच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीवाचून वर्गणी गोळा करणे हाच गुन्हा ठरला, आणि ते कलम १९५१पर्यंत कायम राहिले. पॉइंट ग्रेवर विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहत होत्या त्या कालखंडात, शेजारच्या वस्तीतील लोकांना वकील लावण्यासाठी आपसांत पैसे जमविण्याचीही मोकळीक नव्हती.

मस्क्विअम स्वस्थ बसले नाहीत. १९५७ साली त्यांनी आपल्या राखीव जमिनीपैकी १६२ एकर एका गोल्फ क्लबला भाडेपट्ट्याने देण्यासाठी सरकारच्या हवाली केली. सरकारी अंमलदारांनी प्रत्यक्षात केलेला भाडेपट्टा लोकांना सांगितलेल्या अटींहून कितीतरी हलका होता, आणि त्याची प्रत त्यांच्या हाती १९७०पर्यंत पडली नाही. त्यांचे प्रमुख डेल्बर्ट गेरिन यांनी दावा लावला. १९८४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विश्वस्ताप्रमाणे जबाबदार धरून एक कोटी डॉलरांची भरपाई कायम केली. रोनाल्ड स्पॅरो या मस्क्विअम मच्छीमारावर, परवान्यात २५ वावांची मर्यादा असता ४५ वावांचे जाळे टाकले म्हणून खटला झाला होता. १९९० साली त्याच न्यायालयाने त्या खटल्यात असे तत्त्व घालून दिले की, माशांच्या रक्षणाची गरज भागल्यानंतर पहिला मान मूलनिवाशांच्या अन्नासाठी होणाऱ्या मासेमारीचा. साऱ्या कॅनडाचा कायदा घडविणारे हे दोन निवाडे एका लहानशा वस्तीने मिळविले, आणि तेही आपल्या विद्यार्थ्याच्या वसतिगृहापासून हाकेच्या अंतरावर.

येथे तो विद्यार्थी एक आक्षेप घेतो. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा विचार आदराने केला पाहिजे. तो म्हणतो, ही भूमी मी बळकावली नाही, माझ्या पूर्वजांनीही नाही. ज्या सत्तेने ती घेतली तिनेच आम्हांला दीडशे वर्षे दास्यात ठेवले. यात असत्य काही नाही. १९१४च्या मे महिन्यात कोमागाटा मारू हे जहाज ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आले, तेव्हा बहुतेकांना किनाऱ्यावर पाय ठेवू न देता दोन महिन्यांनी ते परत पिटाळण्यात आले. त्या प्रांतातील हिंदी लोकांचा मताधिकार १९०७ साली गेला तो १९४७ साली परत आला. परंतु त्याच मताधिकाराची पुढली नोंद वाचावी : मूलनिवाशांना प्रांतिक मत १९४९ साली मिळाले, आणि देशाच्या निवडणुकीत बिनशर्त मत देण्यासाठी त्यांना १९६० साल उजाडावे लागले. म्हणजे नवागताला दार उघडले गेले तेव्हाही घरधनी उंबऱ्याबाहेरच होता.

सातबाराचा उतारा ज्याने एकदा तरी वाचला आहे त्याला ‘इतर हक्क’ हा रकाना ठाऊक असतो. जमीन घेणारा कितीही निर्दोष असो, तेथे नोंदलेला बोजा जमिनीबरोबर त्याच्याकडे येतो. कर्ज मी काढले नव्हते, ही सबब चालत नाही. कॅनडात हा बोजा आता राज्यघटनेतच नोंदलेला आहे. १९८२च्या ३५व्या कलमाने मूलनिवाशांचे हक्क मान्य केले, आणि २०२१ साली नागरिकत्वाच्या शपथेतही त्यांचा उल्लेख घालण्यात आला. आज विद्यार्थी म्हणून गेलेला जो तरुण उद्या ती शपथ घेईल, तो हे दायित्व स्वमुखाने पत्करील.

शिवाय या प्रकरणी आपण महाराष्ट्रीय केवळ पीडितांच्या रांगेत उभे राहू शकत नाही. १९२१ साली मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी टाटा कंपनीच्या धरणासाठी घेतल्या जात असता सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. तो मोडला, धरण झाले आणि मुंबईला वीज मिळाली. त्या विजेवर वाढलेल्या आमच्या शिक्षित वर्गाने बुडालेल्या गावांची विचारपूस किती केली, याचे उत्तर समाधानकारक नाही.

राहिला अस्मितेचा प्रश्न. परदेशी गेलेल्या मुलाची मराठी टिकेल काय, ही चिंता आईबापांना असते आणि ती रास्तच आहे. पण तिकडे एखाद्याची मराठी सुटली तरी इकडे कोट्यवधी लोक ती बोलत राहतात. मस्क्विअमांच्या हुन्कुमिनुम भाषेला दुसरा देश नाही; फ्रेझरच्या मुखाच्या परिसरात ती विसरली गेली तर पृथ्वीवर अन्यत्र कोठेही सापडणार नाही. स्वभाषेची माया ज्याच्या ठायी आहे त्याला या हानीचे मोल इतरांहून लवकर कळावे. १९९७पासून मस्क्विअम समाज आणि विद्यापीठ मिळून ही भाषा शिकवीत आहेत, आणि २०१८पासून विद्यापीठातील रस्त्यांच्या पाट्यांवरही ती आली आहे. आपल्या अभ्यासक्रमात सवड काढून तिचा एक वर्ग करणारा मराठी विद्यार्थी आपले मराठीपण गमावणार नाही.

तेथील सभासमारंभांच्या आरंभी ही भूमी मस्क्विअमांची असल्याचे निवेदन वाचण्याची प्रथा पडली आहे. दीर्घकाळ मौन पाळलेल्या संस्थेने सत्य जाहीरपणे उच्चारावे, इतके तिचे मोल निश्चित आहे. पण निवेदन वाचणाऱ्याला काही द्यावे लागत नाही, हे तिचे उणेपण आहे. त्या किनाऱ्यावरील लोकांत जुना शिष्टाचार असा की, दुसऱ्याच्या किनाऱ्याला होडी लावण्यापूर्वी पाहुण्याने होडीतूनच आपले कूळ सांगावे आणि उतरण्याची परवानगी मागावी. व्हँकुव्हर परिसरातील आपल्या मंडळींना माझी विनंती आहे की, येत्या गणेशोत्सवाआधी त्यांनी मस्क्विअम आणि त्यांचे शेजारी स्क्वामिश व त्स्लेल-वाटुथ यांच्या वडीलधाऱ्यांकडे जावे, आपण कोण व कोठले ते सांगावे, त्यांना योग्य मानधनासह निमंत्रण द्यावे, आणि मूर्ती ज्या पाण्यात विसर्जित करावयाची त्या पाण्याविषयी आधी त्यांना विचारावे.