कोरियाचे गाणे

मुलांनो, १९९२ सालची ही गोष्ट आहे. दक्षिण कोरियात दूरदर्शनवर नव्या गायकांचा एक कार्यक्रम चालू होता. तीन तरुण मंचावर आले. त्यांच्या गटाचे नाव होते 'सो तेजी आणि मुले'. ते गाता गाता नाचत होते. मध्येच ते चाल सोडून भराभर, तालात बोलू लागत. याला 'रॅप' म्हणतात. ही रीत अमेरिकेतली. परीक्षकांना ती मुळीच रुचली नाही. त्यांनी या तिघांना त्या दिवशीचे सर्वांत कमी गुण दिले!

पण घरोघरी कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांचा निकाल वेगळाच होता. थोड्याच दिवसांत ते गाणे देशभर वाजू लागले. आज ज्या संगीताला 'के-पॉप' म्हणतात, त्याची सुरुवात बरेच जण येथूनच धरतात. 'के' म्हणजे कोरिया.

मग हे गाणे देशाबाहेर कसे गेले? दक्षिण कोरियाची लोकसंख्या पाच कोटींहून थोडी अधिक आहे. आपल्या मॉरिशसच्या मानाने ती खूपच वाटेल. पण शेजारच्या जपानमध्ये बारा कोटींहून अधिक लोक राहतात, आणि चीनची तर गोष्टच सोडा. गाणी तयार करणाऱ्या कोरियन कंपन्यांनी विचार केला, की केवळ घरच्या श्रोत्यांवर आपले भागणार नाही. शेजाऱ्यांनाही आवडेल असे गायले पाहिजे.

बोआ नावाच्या मुलीचेच पाहा. तिच्या भावाची गाण्याची चाचणी होती. ही अकरा वर्षांची बहीण नुसती सोबत गेली होती. निवड मात्र तिचीच झाली! मग गाणे, नाच आणि त्याबरोबर जपानी व इंग्रजी भाषा, असे तिचे शिक्षण सुरू झाले. २००० साली, तेराव्या वर्षी, तिचे पहिले गाणे आले. २००२ साली तिच्या जपानी गाण्यांचा संग्रह जपानमध्ये विक्रीत पहिला आला.

के-पॉपमधली बहुतेक मुले अशीच तयार होतात. गटातल्या सगळ्यांचे हात एकाच क्षणी वर जातात, पाय एकाच क्षणी वळतात. त्यामागे कित्येक वर्षांचा सराव असतो. 'ट्वाइस' या गटातली जिह्यो तर मंचावर येण्यापूर्वी दहा वर्षे शिकत होती. एवढे करूनही सर्वांनाच संधी मिळते असे नाही.

या शिस्तीची दुसरी बाजूही आहे. पूर्वी कंपन्या गायकांना फार लांब करारांनी बांधून ठेवत. २००९ साली एका प्रसिद्ध गटातले तीन गायक न्यायालयात गेले. त्यांचा करार तेरा वर्षांचा होता! त्याच वर्षी सरकारी आयोगाने कराराचा एक नमुना ठरवून दिला. त्यात सात वर्षांची मर्यादा आहे. ती फार आधी घालायला हवी होती.

पुढे इंटरनेट आले आणि गाणे क्षणात समुद्र ओलांडू लागले. २०१२ साली साय नावाच्या गायकाने 'गंगनम स्टाइल' हे गाणे काढले. गंगनम हा सेऊल शहरातला श्रीमंतांचा भाग. तिथल्या ऐटीची साय थट्टा करतो आणि घोड्यावर बसल्यासारखा नाचतो. पाच-सहा महिन्यांत यूट्यूबवर ते शंभर कोटी वेळा पाहिले गेले. त्याआधी कोणत्याही चित्रफितीला हे जमले नव्हते. शब्द किती जणांना कळले असतील? पण घोडा सर्वांना कळला! आपल्याकडेही सेगाच्या तालावर परदेशी पाहुण्यांचे पाय थिरकतात. त्यांना क्रिओल कुठे येते?

'बीटीएस' हा सात जणांचा गट २०१३ साली आला. त्यांची कंपनी तेव्हा लहान होती. ही मुले आपल्या सरावाच्या, थकव्याच्या आणि गमतीच्या चित्रफिती स्वतःच इंटरनेटवर टाकत. त्यामुळे दूरदेशीच्या मुलांनाही ती आपल्या ओळखीची वाटू लागली. चाहते आपण होऊन गाण्यांचे अर्थ आपापल्या भाषेत लिहू लागले. २०२० साली त्यांचे, बहुतेक कोरियन शब्दांचे, 'लाइफ गोज ऑन' हे गाणे अमेरिकेतल्या गाण्यांच्या मोठ्या यादीत पहिले आले. ही यादी १९५८ पासून निघते. तोवर कोणत्याही कोरियन गाण्याला तिच्यात तो मान मिळाला नव्हता.

आता पुष्कळ चाहते अर्थ दुसऱ्याला विचारत बसत नाहीत. ते कोरियन लिपीच शिकतात. तिचे नाव हंगुल. साध्या लोकांनाही लिहिता-वाचता यावे म्हणून राजा सेजोंग याने ती पंधराव्या शतकात तयार करवली. तिची मूळ अक्षरे आहेत फक्त चोवीस.