बुके नको, बाग आणा!

रविवारी आई पहिल्यांदाच तुमचा भाड्याचा फ्लॅट बघायला येतेय? मग सेलोफेनमधला करकचून बांधलेला बुके विसरा. शनिवारी सकाळीच दादर स्टेशनजवळचं फूल मार्केट गाठा. मात्र तिथली बरीचशी फुलं हारांसाठी सुटी, वजनावर मिळतात, ती आपल्या कामाची नाहीत. निशिगंध, अ‍ॅस्टर दांडीसकट, जुडीनं मागा.

घरी आल्यावर दांड्या तिरक्या कापून तासभर बादलीत ठेवा. पाण्यात बुडतील ती पानं आधीच काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास सुटलाच समजा! फ्लॉवरपॉट नाही? लोणच्याची बरणी चालेल. लंडनची कॉन्स्टन्स स्प्राय १९३० च्या दशकात चक्क भाजीची पानं फुलांमध्ये खोचायची, तर आपण कशाला लाजायचं? बरणीच्या तोंडावर सेलोटेपच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवा, दांड्या हव्या तशा उभ्या राहतात. तो हिरवा स्पंज नकोच, ते शेवटी प्लास्टिकच.

आधी हिरवळ. मनी प्लांटची वेल एका बाजूनं खाली सोडा. तुळशीच्या मंजिऱ्या सुंदर दिसतात, पण रविवारी तुळस तोडलेली आईला चालेल का, ते तुमचं तुम्ही बघा! मग अ‍ॅस्टर कमी-जास्त उंचीवर, मध्ये मोकळी जागा ठेवून. निशिगंध सगळ्यांत उंच. तो खालून वर उमलतो, म्हणून सुकलेली फुलं खुडत राहा, पाणी रोज बदला.

दोन-चार फुलं मात्र बाजूला ठेवा. आई आल्या आल्या देवासाठी मागणारच.